नुसता शेरा नको, कारण सांगा!

गेल्या वर्षी सहामाही परीक्षा आटोपली आणि आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "सर, यंदाच्या पालक-मेळाव्यात तुम्ही बोलायचं. विषय आहे व्हिडिओ गेमचं व्यसन. चांगलं झणझणीत होऊ द्या!"

झणझणीत बोलण्यासाठी माझीच निवड का व्हावी, हे मला ठाऊक होते. मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण म्हणाल तर जुन्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, आणि तिच्या बळावर वीसेक वर्षे मुलांकडून फुलदाण्या आणि निसर्गदृश्ये काढून घेत आलो आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला न पाहिलेल्या गोष्टीचे साग्रसंगीत वर्णन करण्याची सवय असते, असा मुख्याध्यापकांचा समज असावा. आणि तो अगदीच खोटा नाही. त्याच रात्री मी टिपण काढले. 'डोळ्यांचा ऱ्हास', 'हिंसेचे विष', 'हरवलेले मैदान', 'वाहत चाललेली पिढी'. मथळे तर झकास जमले! मोठ्या अभिमानाने मी ते सौभाग्यवतींना वाचून दाखवले. मेथी निवडता निवडता त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, पण तुम्ही एकदा तरी खेळून पाहिलंय का?"

"दारूचे दुष्परिणाम सांगायला दारू प्यावी लागत नाही," मी उत्तरलो.

"नाही लागत. पण दारू कशाला म्हणतात, ते तरी माहीत असावं लागतं ना?"

या प्रश्नाला घरचाच एक संदर्भ होता. आमचे चिरंजीव तेव्हा नववीत होते. परदेशी जाताना त्याच्या मामाने आपले प्लेस्टेशन भाच्याला देऊन टाकले होते. पहिल्या चाचणीत बीजगणितात दिवे लागले, तेव्हा मी ते यंत्र कपाटात घालून कुलूप लावले. सगळे बाप करतात तेच मी केले. मौज अशी, की कुलूप लावूनही सहामाहीत बीजगणितात ४० पैकी ९ गुण पडले! प्रगतिपुस्तकावर शेरा होता, 'प्रयत्न कमी पडतात.' मी सही केली. मुलगा काही बोलला नाही. तसा तो त्या दिवसांत माझ्याशी फारसे काही बोलतच नव्हता.

सौभाग्यवतींच्या प्रश्नाने डिवचला जाऊन मी कपाट उघडले, यंत्र बाहेर काढले आणि चिरंजीवांना म्हणालो, "चल, मला शिकव." त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मुख्याध्यापकांनीच त्याला विडी मागितली आहे.

*

खेळाचे नाव 'टेक्केन'. जपानी भाषेत याचा अर्थ लोखंडी मूठ. नाम्को या जपानी कंपनीने १९९४ साली तो पहिल्यांदा काढला, आणि आमच्या घरी होता तो त्याचा आठवा भाग, २०२४ च्या जानेवारीत आलेला. दोन मल्ल समोरासमोर उभे राहतात. एक डाव साठ सेकंदांचा. तीन डाव जो आधी जिंकेल त्याची बाजी. हातातल्या यंत्रावर चार मुख्य बटणे असतात : डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. एवढेच! मला वाटले, यात शिकायचे ते काय? बालवाडीचे काम!

मी 'किंग' नावाचा मल्ल निवडला, कारण तो कुस्तीगीर होता आणि कुस्तीची मला आवड. जग्वारचा मुखवटा घातलेला हा गडी अनाथ मुलांसाठी लढतो, अशी खेळातली कथा. अनाथाश्रम चालवण्यासाठी 'फ्राय तोर्मेंता' हे नाव घेऊन मेक्सिकोतला एक धर्मगुरू खरोखरच मुखवट्याआड कुस्त्या खेळत असे. त्याची छाया या पात्रावर आहे असे मानतात. म्हटले, पात्र तर सज्जन आहे. याच्या आधाराने आपली अब्रू राहील.

पहिल्या संध्याकाळी मी एकवीस बाज्या खेळलो आणि एकवीस हरलो. मी चारही बटणे उखळात पोहे कांडावेत तशी कांडत होतो. चिरंजीव शांतपणे एकेक ठोसा लगावत होते. शेवटी कीव येऊन तो म्हणाला, "बाबा, तुम्ही काहीच केलं नाही ना, तरी याहून जास्त टिकाल."

मला तो उद्धटपणा वाटला. पण ती त्या खेळातली वस्तुस्थिती होती! या खेळात मल्ल नुसता उभा असेल, तर समोरून येणारे उंच आणि मधले वार तो आपोआप अडवतो. खाली पायावर येणारे वार तेवढे बसून अडवावे लागतात. म्हणजे मी हात बाजूला ठेवून चहा पीत बसलो असतो, तरी अर्धे ठोसे चुकले असते. मी मात्र दर क्षणाला काहीतरी करीत होतो आणि दर क्षणाला माझे अंग उघडे पडत होते. वाचकहो, घाईघाईने काहीतरी करीत राहणे म्हणजेच प्रयत्न, अशी माझी आजवर समजूत होती. वर्गातही मी हेच सांगत आलो होतो : "हात चालवा, हात चालवा!"

त्या रात्री मी कोणकोणती कारणे दिली, ती आज सांगायलाही लाज वाटते. बटण नीट लागत नाही. पडद्यावर उजेड पडतो. तुझा मल्ल मुळातच बलवान आहे. एकदा तर मी चष्म्यालाही दोष दिला. शाळेत एखाद्या मुलाने यातले एक जरी कारण सांगितले असते, तर मी त्याला बाकावर उभे केले असते!

*

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी मला सरावाच्या दालनात नेले. खरा विषय इथून सुरू होतो; म्हणून ज्यांना असल्या खेळांचा तिटकारा आहे त्यांनीही हा भाग जरा सवड काढून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

वहीच्या कोपऱ्यांवर थोडी थोडी बदलत जाणारी चित्रे काढून पाने भराभर सोडली, की चित्र हलते. हा उद्योग आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. हा खेळ तसाच, सेकंदाला साठ चित्रांचा. या एका चित्राला मुले 'फ्रेम' म्हणतात. सर्वांत चपळ साधा ठोसा सुरू झाल्यापासून दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. पाहून मग हात हलवायला माणसाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. तेव्हा असा ठोसा दिसल्यावर अडवणे कोणालाच शक्य नाही. समोरचा काय करील याचा आधीच अंदाज बांधावा लागतो. आणि प्रत्येक मोठ्या वाराची एक किंमत असते. तो अडवला गेला, तर मारणारा काही फ्रेम हतबल राहतो. सरावाच्या दालनात हे सगळे आकडे पडद्यावर लिहून येतात.

चिरंजीवांनी कालची एक बाजी पुन्हा लावली. या आठव्या भागात आपलीच जुनी लढत पाहता येते; इतकेच नव्हे, तर नेमका तो क्षण आला की चित्र थांबवून, तिथून पुढे आपण स्वतः पुन्हा खेळून पाहू शकतो. त्याने एका जागी चित्र थांबवले.

"हे बघा. माझी ही लाथ तुम्ही अडवली होती. छान अडवली होती. आता माझा माणूस पंधरा फ्रेम काही करू शकत नाही. तुमचा साधा ठोसा दहा फ्रेमचा आहे. मारला असता तर हमखास लागला असता. तुम्ही हा मोठा मारायला गेलात. तो वीसच्या वर आहे. म्हणून मी आधी सावरलो आणि तुम्हीच मार खाल्लात. तुम्ही इथं हरलात, बाबा. पुढचं सगळं यामुळे झालं."

मग त्याने यंत्र माझ्या हाती दिले. "आता इथूनच पुन्हा करा."

मी केले. चुकले. पुन्हा केले, पुन्हा चुकले. सातव्या वेळी माझा साधा ठोसा त्याच्या मल्लाच्या नाकावर बसला. त्या एका ठोशाने मला जो आनंद झाला, तो माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हाही झाला नव्हता!

नंतर मी अंथरुणावर पडलो. पण झोप येईना. कारण मला काहीतरी आठवत होते. शाळेत मी अकरा वर्षे काढली. मॅट्रिकला गणितात जेमतेम निभावलो. त्या अकरा वर्षांत 'तू इथे चुकलास. आता इथूनच पुन्हा कर' असे मला किती जणांनी सांगितले? एकानेही नाही. आणि पुढे शिक्षक होऊन मी तरी ते किती मुलांना सांगितले? मी त्यांच्या चित्रांवर काय लिहीत आलो? 'ठीक.' 'बरे.' 'सुधारणा हवी.' सुधारणा हवी, हे त्या पोरांनाही दिसत होते. कशात हवी, हे सांगण्यासाठीच तर सरकार मला पगार देते!

*

चित्रकलेच्या माणसाला या खेळात आणखी एक जागा चकित करते. मी मुलांना यथार्थदर्शन शिकवतो. सपाट कागदावर खोली दाखवायची कशी, आगगाडीचे रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळतात ते कसे, हे माझे रोजचे काम. जुने मारामारीचे खेळ सपाट होते. मल्ल पुढे येई, मागे जाई, उडी मारी. १९९१ सालचा 'स्ट्रीट फायटर टू' असा होता. १९९३ साली सेगा कंपनीच्या 'व्हर्च्युआ फायटर'ने त्रिमिती आकृत्यांचे मल्ल आणले. ओबडधोबड, लाकडी खोके जोडून केल्यासारखे. पण त्यांना घडणीने तीन बाजू होत्या. आणि १९९७ साली टेक्केनच्या तिसऱ्या भागात बाजूला पाऊल टाकून चित्राच्या खोलीत सरकणे हे सर्वच मल्लांच्या हाती चांगले आले. आमच्याकडे एस. टी. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये नाणी टाकून मुले खेळत, त्यांत या तिसऱ्या भागाचे नाव मोठे होते. त्या वयात मी त्या दारात कधी पाऊल टाकले नाही. आमचे तीर्थरूप त्या रस्त्याने जात येत असत!

तर हे बाजूचे पाऊल. समोरून जोराचा सरळ वार येतो आहे. तो अडवता येतो. पण त्यापेक्षा अर्धे पाऊल बाजूला सरकले, तर तो हवेत जातो आणि समोरच्याची सगळी बाजू उघडी पडते. हे मला महिनाभर जमले नाही. वीस वर्षे खोली शिकवणाऱ्या माणसाला खोलीत सरकता येईना! चिरंजीवांनी त्याचेही कारण दिले : "बाबा, तुम्ही माझ्या माणसाकडे बघतच नाही. तुम्ही स्वतःच्याच माणसाकडे बघता."

हेही खरे निघाले. किंगच्या काही पकडी अशा आहेत, की कोणता हात पुढे आला हे ओळखून त्याच हाताचे बटण दाबले तर त्या सुटतात. माझ्या सगळ्या पकडी चिरंजीव सोडवत, कारण तो माझा हात पाहत असे. वर्गात मी ओरडतो, "अरे, आधी बघा, मग काढा!" आणि इथे मी आंधळ्यासारखा आपल्याच जग्वाराच्या तोंडाकडे पाहत बसलो होतो.

त्याच एका संध्याकाळी, बाजी हरल्यावर सवयीने मी विचारले, "आता कुठे चुकलो?" त्याने दाखवले. आणि मग पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बाबा, गणितात मी कुठे चुकतो, हे मला कुणी सांगतच नाही. हरलो एवढंच सांगतात."

मी यंत्र खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकेची आणि चाचणीची पाने घेऊन आम्ही दोघे बसलो. गणितात मला गती नाही. पण मी ठरवले, की हिशेब न करता नुसते बघायचे. चित्र बघावे तसे. प्रत्येक उदाहरणात लाल रेघ जिथे मारली आहे तिथून वर वर सरकत जायचे आणि पहिली वाकडी ओळ कुठे आहे ती शोधायची. तासाभरात आकृती दिसू लागली. कंसाच्या आधी वजा चिन्ह असले, की कंस सोडताना हा मुलगा आतल्या पहिल्या पदाचे चिन्ह बदलायचा आणि दुसऱ्याचे तसेच ठेवायचा. दर वेळी! एकाच चुकीने सहा उदाहरणे गेली होती. त्या सहाही उदाहरणांत पुढची रीत बरोबर होती. मुलगा ढ नव्हता, आळशी नव्हता. तो एका जागी एकच पाऊल चुकत होता, आणि त्याची शिक्षा म्हणून आम्ही सर्वांनी मिळून त्याला 'प्रयत्न कमी पडतात' असे सांगितले होते. ती चूक शोधायला गणिताची पदवी लागली नाही. मॅट्रिकचे गणित पुरले!

चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. वार्षिक परीक्षेत बीजगणितात ४० पैकी २३ पडले. पण प्रगतिपुस्तक घेऊन तो माझ्याकडे स्वतः आला, आणि गेलेल्या सतरा गुणांपैकी अकरा कुठे गेले ते त्याने मला बोट ठेवून दाखवले. माझ्या मते तो निकाल पहिल्या वर्गाचा होता.

*

आता आक्षेपांकडे वळू. ते मीच टिपणात लिहून ठेवले होते, तेव्हा ते मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप हिंसेचा. ठोसे, लाथा आहेत हे उघड आहे. कथा तर बापलेकांच्या वैराची आहे : हेइहाची नावाचा बाप आपल्या लहान मुलाला कड्यावरून फेकून देतो आणि मुलगा मोठा होऊन बापाला फेकतो. अमेरिकेतील मानांकनाप्रमाणे हा खेळ तेरा वर्षांवरील मुलांसाठी आहे, आणि लहानग्यांना त्यापासून दूरच ठेवावे. पण खरे सांगू? त्या कथेने आमच्या घरात काही बिघडवले नाही. माझ्या कुलपाने बिघडवले होते. पडद्यावरचा बाप मुलाला कड्यावरून ढकलतो ते आपल्याला दिसते. नऊ गुण मिळालेल्या मुलाला आपण घरोघर कुठून ढकलत असतो, ते मात्र दिसत नाही.

दुसरा आक्षेप व्यसनाचा. तो मी फेटाळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या विकाराला आपल्या रोगांच्या वर्गीकरणात जागा दिली, आणि ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. पण तिथेही खेळावरचा ताबा सुटणे, बाकीचे सारे आयुष्य त्यापुढे गौण होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे आणि हे साधारण वर्षभर चालणे अशा कसोट्या आहेत. 'दोन तास खेळला' ही कसोटी नाही. आमच्या घरी नियम आहे : जेवणाआधी एक तास, आणि तोही दोघांनी मिळून. कुलपापेक्षा हा नियम पाळणे मला जास्त जड जाते, कारण त्यात मला हजर राहावे लागते.

तिसरा आक्षेप पैशांचा. इथे पालकांचा गोंधळ फार आहे. पत्त्यांचे, पैजेचे, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ निराळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळे काढून मान्यता दिली. जे संसदेला वेगळे दिसले, ते आम्हा शिक्षकांना एकच दिसते! तरीही कंपनीची वकिली मी करणार नाही. पूर्ण किमतीला खेळ विकून महिना होतो न होतो, तोच २०२४ च्या फेब्रुवारीत त्यात कपड्यालत्त्यांचे दुकान थाटले गेले. पात्रांची टोपी-कोट विकत घ्यायला पुन्हा पैसे! खेळणारी पोरेही त्यावर संतापली, आणि योग्यच संतापली. स्त्री-पात्रांच्या काही पोशाखांविषयी तर आमच्या सौभाग्यवतींनी जे उद्गार काढले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.

चौथा आक्षेप मैदानाचा. "त्यापेक्षा मुलांनी तालमीत जावे!" जावे, अवश्य जावे. पण तालमीत जाऊन पाहा. तिथे वस्ताद काय करतो? पोरगा चीत झाला, की 'प्रयत्न वाढव' असे म्हणून वस्ताद घरी जात नाही. तो लंगोट कसून लाल मातीत उतरतो, पोराचा पाय धरून म्हणतो, "हा पाय इथं पडला म्हणून तू उचलला गेलास. आता पुन्हा धर." जी गोष्ट मला या जपानी यंत्रात सापडली, ती आमच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या होती. गायनाच्या बैठकीत होती, सुताराच्या पडवीत होती. ती हरवली असेल तर शाळेच्या चार भिंतींत हरवली आहे. तेव्हा माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. तालमीतली रीत शाळेत न आणणाऱ्या आम्हा मास्तरांविरुद्ध आहे.

*

हरणे कशाला म्हणतात, याचा या खेळातलाच एक दाखला सांगतो. टेक्केनच्या जगात दक्षिण कोरियाचे खेळाडू वर्षानुवर्षे अजिंक्य मानले जात. 'नी' या नावाने खेळणारा खेळाडू त्यांतला अग्रणी. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'ईव्हो' नावाची मोठी स्पर्धा झाली. ती लाहोरच्या अर्सलान सिद्दीक या तरुणाने जिंकली. 'अर्सलान ॲश' या नावाने तो खेळतो. बाहेरच्या जगाने त्याचे नावही फारसे ऐकले नव्हते. लोक थक्क झाले, तेव्हा त्याने सांगितले, की आमच्या देशात आणखी असेच तगडे खेळाडू आहेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लास वेगासची स्पर्धाही त्याने जिंकली. पुढे २०२३ आणि २०२४ सालीही तिथले विजेतेपद त्याच्याकडे गेले.

पण मला मोठा वाटतो तो यातला दुसरा माणूस. 'नी' याने काय केले? नशिबाला दोष दिला नाही, बटणाला दिला नाही, चष्म्यालाही दिला नाही! त्याच वर्षी तो उठला आणि पाकिस्तानात गेला. ज्यांच्यापुढे आपले पारडे हलके पडले, त्यांच्याच गावी जाऊन त्यांच्याशी खेळत बसला. आपण कुठे कमी पडतो ते पाहून घ्यायला आजवरचा अग्रणी नवख्यांच्या दारात गेला. आमच्याकडे एखाद्या वर्गातला पहिला मुलगा दुसरा आला, तर पालक फेरतपासणीचा अर्ज घेऊन येतात!

*

मेळाव्याचा दिवस आला. मी जुने टिपण घरीच ठेवले. व्यासपीठावर जाऊन सांगितले, की मी महिनाभर एका खेळात रोज हरतो आहे; आणि एकवीस बाज्यांपासून वजा चिन्हाच्या कंसापर्यंतची हकीकत जशीच्या तशी सांगितली. शेवटी सहकाऱ्यांना आणि पालकांना दोन गोष्टी मागितल्या. शिक्षकांनी चुकलेल्या उत्तराखाली नुसती फुली न मारता, चूक जिथून सुरू झाली त्या ओळीखाली रेघ मारावी. आणि पालकांनी प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी निदान एक उत्तरपत्रिका मुलाशेजारी बसून पाहावी.

टाळ्या बेताच्याच पडल्या. एका शिक्षकमित्रांनी चहाच्या वेळी विचारले, "साठ-साठ मुलांचे वर्ग, वर निवडणुकीची कामं, जनगणनेची कामं. एकेकाची ओळ शोधायला वेळ कुठला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मागायला आपण सरकारच्या दारात बसले पाहिजे. पण 'प्रयत्न कमी पडतात' हे तीन शब्द साठ वेळा लिहायलाही वेळ लागतोच. तोच वेळ साठांपैकी दहा मुलांच्या चुकलेल्या ओळीवर खर्च केला, तर दहा मुले तरी वाचतील. मी आता चित्रांवर 'सुधारणा हवी' लिहिणे सोडले आहे. 'डावीकडची सावली उजेडाच्या बाजूला पडली आहे' असे लिहितो. दर तासाला पाच-सहा वह्यांच्या पुढे जात नाही. पण ती पाच-सहा मुले वही परत घेताना ती उघडून पाहतात. पूर्वी ती न उघडताच दप्तरात जात असे.

मुख्याध्यापक भले गृहस्थ. मला म्हणाले, "सर, भाषण चांगलं झालं. पण विषय जरा बाजूला गेला."

मी म्हणालो, "तेवढंच एक मला आता जमायला लागलंय."

चिरंजीव आता दहावीत आहेत. मी अजून हरतोच. सात-आठ बाज्यांत कधी एक माझी होते, आणि त्या रात्री घरात मी फार बोलतो असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरी फराळाचे ताट असेल, अंगणात पोरे किल्ल्यावर मावळे मांडत असतील. सुट्टी संपली, की सहामाहीच्या उत्तरपत्रिका घरी येतील. त्याआधीच्या या चार दिवसांत एक करा. मुलगा किंवा मुलगी जो कुठला खेळ खेळत असेल, पडद्यावरचा असो की पाटावरचा, त्यात तिच्यासमोर बसा आणि मनसोक्त हरा. मग तिला विचारा, "मी कुठे चुकलो?" ती सांगेल. मुले हे फार प्रेमाने सांगतात. ते नीट ऐकून घ्या.

मग उत्तरपत्रिका आली, की सांगायची पाळी तुमची.